साठ मीटर खोल पाण्यात टाकीत काय भरायचं?

समुद्रात कुणाचा शोध घ्यायला पाणबुडे उतरले की बातमीत हमखास वाक्य येतं: 'ऑक्सिजन सिलिंडर लावून'. प्रत्यक्षात त्या टाकीत बहुतेक वेळा साधी हवा असते. कॉम्प्रेसरने गाळून, कोरडी करून, दोनशे बारपर्यंत दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कुणी वीस मीटरवर गेलाच, तर त्याला तिथे झटका येऊन तो बुडण्याची भीती खरी आहे. म्हणून शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली ओढायचा नाही, हा डायव्हिंगमधला पक्का नियम.

मालवण-तारकर्लीला हौसेने पाण्यात उतरणारे पाच-दहा मीटरपर्यंत जातात. तिथे हवा उत्तम. वीस मीटरवरही उत्तम. पण चाळीस, पन्नास, साठ मीटर म्हटलं की टाकीत काय असावं यावरून डायव्हर मंडळींमध्ये गेली तीस-पस्तीस वर्षं कडाक्याचं भांडण चालू आहे. एक बाजू म्हणते, हवा स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, सवय केली की साठ मीटरपर्यंत चालते. दुसरी म्हणते, इतक्या खोलवर हीलियम मिसळल्याशिवाय जाऊच नये. मी दुसऱ्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो. का, ते नीट समजून घ्यायचं तर थोडं गणित करावं लागेल, पण ते सातवीच्या वर जाणार नाही.

जमिनीवर आपल्यावर एक बार दाब असतो. समुद्रात दर दहा मीटरला त्यात एकाची भर पडते. साठ मीटरवर दाब सात बार. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणारं उपकरण, आपल्याला हवा त्याच दाबाने देतो, नाहीतर छाती फुलवताच येणार नाही. म्हणजे साठ मीटरवरच्या एका श्वासात जमिनीवरच्या सात श्वासांइतकी हवा कोंबलेली असते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. त्याचा स्वतःचा वाटा काढायचा तर ०.२१ गुणिले ७, म्हणजे १.४७ बार. याला आंशिक दाब म्हणतात. शरीराला टक्केवारी कळत नाही, हा आंशिक दाब कळतो. बाकी सगळी चर्चा याच एका गोष्टीवर उभी आहे.

ऑक्सिजनचा आंशिक दाब फार वाढला की तो मेंदूला विषारी ठरतो. हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच लिहून ठेवलं. आज पोहताना १.४ आणि डीकम्प्रेशनसाठी, म्हणजे दाबाखाली अंगात मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना, एका जागी शांत थांबलेलं असताना १.६ बार ही मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते. हवेवर १.४ चा आकडा ५७ मीटरच्या आसपास गाठला जातो, १.६ चा ६६ मीटरला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमारासाठी केनेथ डोनाल्ड यांनी शुद्ध ऑक्सिजनवर असंख्य चाचण्या घेतल्या. त्यांना आढळलं की एकाच माणसाची सहनशक्ती रोज वेगळी असते. काल अर्धा तास तग धरलेला पाणबुड्या आज काही मिनिटांत आचके द्यायला लागतो, आणि आधी धोक्याची सूचना मिळेलच असं नाही. त्यामुळे 'मला कधी काही झालं नाही' या वाक्याला इथे काडीचीही किंमत नाही.

नायट्रोजनची नशा

हवेतला उरलेला मोठा हिस्सा नायट्रोजनचा. जमिनीवर तो निरुपद्रवी असतो, पण दाबाखाली गुंगी आणतो. तीस मीटरनंतर बहुतेकांना थोडंफार जाणवतं. पन्नाशीत विचार मंदावतात, गेजवरचा आकडा दिसतो पण त्याचा अर्थ लागत नाही, एकच गोष्ट डोक्यात घट्ट बसते. कुणाला खूप मजा वाटते, कुणाला कारण नसताना भीती. अमेरिकन आरमाराचे डॉक्टर अल्बर्ट बेन्की यांनी १९३५ मध्ये याचं खापर नायट्रोजनवर फोडलं, आणि ते बरोबर होतं.

कूस्तो यांच्या फ्रेंच पथकाने ही नशा किती खोलवर काय करते हे आजमावायचं ठरवलं. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये तूलाँजवळ मोरीस फार्ग हवेच्या टाक्या घेऊन वजन लावलेल्या दोरीच्या आधाराने खाली उतरले. दोरीला ठरावीक अंतरावर पाट्या बांधलेल्या होत्या, पोचल्याची खूण म्हणून त्यावर सही करायची. फार्ग दोरी ओढून 'ठीक आहे' असा इशारा देत होते. मग इशारे थांबले. वर ओढलं तेव्हा तोंडात धरायचं हवेच्या नळीचं टोक छातीवर लोंबत होतं आणि प्राण गेला होता. त्यांची सही १२० मीटरच्या पाटीवर सापडली. म्हणजे तिथपर्यंत हात चालत होता.

यावर उपाय मात्र फार्ग जाण्याच्या कितीतरी आधी माहीत होता. १९१९ मध्येच एलिहू थॉमसन यांनी सुचवलं होतं की नायट्रोजनच्या जागी हीलियम वापरून बघा. हीलियम चरबीत फारसा विरघळत नाही, म्हणून तो मेंदूला जवळपास गुंगी आणत नाही. पुढे १९३९ च्या मे महिन्यात अमेरिकेची 'स्क्वॉलस' ही पाणबुडी न्यू हॅम्पशरजवळ सुमारे ७३ मीटरवर बुडाली. आतले ३३ जण बचावघंटेतून (घंटेसारख्या, पाण्यात सोडायच्या कोठडीतून) जिवंत वर आले, २६ जण गेले. सुटकेच्या वेळी हवेवर उतरलेल्या डायव्हरांना नायट्रोजनच्या गुंगीत साधं केबल जोडायचं कामही सुधरेना. नंतर पाणबुडी वर काढायचं महिनोन्‌महिने चाललेलं काम हीलियम-ऑक्सिजनच्या मिश्रणावर झालं. बेन्की तिथे हजर होते.

हीलियमचा विषय निघालाच आहे तर विजयदुर्गाबद्दल थोडं. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी तिथूनच हीलियम शोधला असं सांगतात. १८६८ मध्ये लॉकयर इंग्लंडमध्ये होते. त्या ग्रहणाचं निरीक्षण करणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँसेन गुंटूरला होते. लॉकयर विजयदुर्गला आले ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर हीलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं झाली होती. तरीही ज्यांनी या वायूला नाव दिलं ते स्वतः आपल्या कोकणात येऊन गेले, हे खरं आहे आणि मला ते पुरेसं वाटतं.

मग भांडण कशाचं?

पगारी पाणबुड्यांच्या जगात हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला. ब्रिटनमध्ये व्यावसायिक कामाला हवेवर ५० मीटरची मर्यादा आहे. मुंबई हायवर समुद्राची खोली सुमारे ७५ मीटर. तिथे तळाशी पाइपलाइनची कामं करणारे सॅच्युरेशन डायव्हर जहाजावरच्या दाबाच्या कोठडीत आठवडे काढतात आणि हीलियम-ऑक्सिजनवरच श्वास घेतात. तिथे कुणी 'मला हवा चालते' म्हणत नाही, कारण निर्णय त्या माणसाच्या हातात नसतोच.

हौशी डायव्हिंगमध्ये निर्णय आणि खर्च दोन्ही ज्याचे त्याचे. हीलियम महाग आहे. बारा लिटरच्या जोड टाक्या दोनशे बारला भरल्या तर ४८०० लिटर वायू मावतो. त्यात ४५ टक्के हीलियम घ्यायचा म्हणजे २१६० लिटर, आणि तो एका डुबकीत बुडबुडे होऊन निघून जातो. साठ मीटरवर सात पट वायू लागतो हे वर पाहिलंच. हीलियम जमिनीतून नैसर्गिक वायूबरोबर निघतो, मोजक्या देशांतून येतो, त्याचा तुटवडा वारंवार होतो. ज्याला दर शनिवार-रविवार बुडालेली जहाजं बघायची आहेत, त्याच्या खिशाला हे झेपत नाही. हवेच्या बाजूचं मला पटणारं एकमेव प्रामाणिक कारण हेच.

या कारणाची किंमत काय असू शकते ते १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर, ७० मीटरवर एक जर्मन पाणबुडी आदल्या वर्षी सापडली होती. ती यू-८६९ आहे हे १९९७ मध्ये ठरलं, तोवर तिला नावच नव्हतं. ख्रिस राऊस आणि त्यांचा मुलगा क्रिसी, दोघंही मुरलेले गुहा-डायव्हर, तिथे हवेवर उतरले. ट्रायमिक्स, म्हणजे ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हीलियमचं मिश्रण, त्यांना माहीत होतं, पण खर्च परवडत नव्हता. आत शिरलेला क्रिसी अंगावर सामान कोसळून अडकला. बापाने त्याला सोडवलं, पण त्या गोंधळात वाट चुकली, थांबे घेत वर यायला राखून ठेवलेल्या टाक्या सापडल्या नाहीत आणि दोघं थेट पृष्ठभागावर आले. दोघंही गेले. हीलियम असता तर वाचलेच असते असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण अंधारात, गाळात, मुलगा अडकलेला असताना डोकं शाबूत असणं किती मोलाचं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

हवेच्या बाजूचा आवडता मुद्दा वेगळाच आहे: सरावाने नशा आटोक्यात येते. यात तथ्य आहे, पण अर्धवट. वारंवार खोल जाणाऱ्याला नशा कमी जाणवते, हे खरं. मात्र प्रयोगांत जेव्हा प्रतिक्रियेचा वेग, स्मरण, आकडेमोड मोजली गेली, तेव्हा जाणीव कमी झाली तरी कामगिरी तितकीशी सुधारलेली दिसली नाही. मला हा भाग सगळ्यात धोकादायक वाटतो. आपण ठीक आहोत की नाही हे ज्या मेंदूने ठरवायचं, गुंगी त्याच मेंदूला आलेली असते. नेहमीची, पाठ झालेली कामं माणूस त्या अवस्थेतही निभावतो. नवी अडचण आली की पितळ उघडं पडतं.

खरा मुद्दा: वायूचा घट्टपणा

नव्वदच्या दशकात हे सगळं भांडण नशेभोवती फिरत राहिलं. फ्लोरिडातल्या गुहा-डायव्हरांनी तीस मीटरच्या खाली हवा नकोच असा पवित्रा घेतला, जुन्या जहाज-डायव्हरांना तो अपमान वाटला, आणि विषय हिमतीवर गेला. माझ्या मते दोन्हीकडून एक मोठी गोष्ट मागे पडली, ती म्हणजे वायूची घनता.

जमिनीवर एक लिटर हवा साधारण १.३ ग्रॅम भरते. साठ मीटरवर तीच सात पट, म्हणजे नऊ ग्रॅम. इतका दाट वायू श्वासनळ्यांच्या बारीक फांद्यांतून आत-बाहेर ढकलायचा असतो. संध्याकाळी दादरच्या पुलाच्या जिन्यावर गर्दी दाटली की मागून कितीही रेटलं तरी पुढे सरकायचा वेग वाढत नाही, उलट कोंडी होते. फुप्फुसाचंही तसंच होतं. जोरात उच्छ्वास केला की बारीक नळ्याच दाबल्या जातात आणि वायू आणखी अडतो. परिणामी कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही. तो साचला की धाप लागते, धाप लागली की माणूस आणखी जोर लावतो, त्याने आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शिवाय हा कार्बन डायऑक्साइड स्वतः गुंगी आणतो, नायट्रोजनची नशा वाढवतो आणि ऑक्सिजनच्या झटक्याचा धोकाही वाढवतो. वर ज्या दोन धोक्यांची चर्चा केली, त्या दोघांनाही खतपाणी घालणारा हा तिसरा.

ब्रिटनचे गॅव्हिन अँथनी आणि न्यूझीलंडचे डॉ. सायमन मिचेल यांनी २०१६ मध्ये पाण्याखालच्या चाचण्यांची माहिती एकत्र मांडली. लिटरला सहा ग्रॅमच्या पुढे गेलं की कार्बन डायऑक्साइड साचण्याचं प्रमाण एकदम उडी मारतं. त्यांची शिफारस अशी: शक्यतो ५.२ ग्रॅमच्या आत राहा, ६.२ कधीच ओलांडू नका. हवेवर ५.२ चा आकडा येतो ३१ मीटरला, ६.२ चा ३९ मीटरला. म्हणजे हौशी डायव्हिंगची जी ४० मीटरची जुनी मर्यादा आहे, तिथेच हवेची हद्द जवळपास संपते. नशा कितीही पचवता येत असो, इथे सवय कामाला येत नाही.

आता तुलना करा. साठ मीटरसाठी सर्रास वापरलं जाणारं एक मिश्रण आहे १८/४५. त्यात ऑक्सिजन १८ टक्के, हीलियम ४५, उरलेला ३७ टक्के नायट्रोजन. साठ मीटरवर त्यात ऑक्सिजनचा आंशिक दाब १.२६ बार, १.४ च्या बराच आत. नायट्रोजनची नशा हवेवर २३ मीटरला असते तितकीच. आणि घनता सुमारे ५.६ ग्रॅम. नऊ आणि ५.६ यांतला फरक प्रत्येक श्वासाला भोगायचा असतो.

हीलियम घेतला म्हणजे सगळं सुरक्षित, असं अजिबात नाही. डेव्ह शॉ यांचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. ते ऑस्ट्रेलियन विमानचालक आणि रीब्रीदर (सोडलेला श्वास पुन्हा वापरणारं यंत्र) वापरणारे निष्णात डायव्हर. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या गुहेत, २७० मीटरवर, त्यांना दहा वर्षांपूर्वी मेलेल्या एका तरुण डायव्हरचं शव दिसलं. ते आईवडिलांना परत द्यायचं म्हणून ८ जानेवारी २००५ ला ते पुन्हा उतरले. डोक्यावर कॅमेरा होता. शव तळाच्या गाळात रुतलेलं असेल असं धरून तयारी केली होती, पण ते सुटं होऊन तरंगायला लागलं. पिशवीत भरायच्या झटापटीत दोऱ्या गुंतल्या. कॅमेऱ्यात श्वासाचा आवाज भरभर वाढत गेलेला ऐकू येतो, मग तो थांबतो. मिश्रणात बहुतांश हीलियम होता, नशा मर्यादेत होती. पण २८ बार दाबाला तो वायूही फार दाट झाला होता. मिचेल यांच्यासह डॉक्टरांच्या गटाने २००७ मध्ये या मृत्यूचं विश्लेषण छापलं. निष्कर्ष: मेहनतीमुळे साचलेला कार्बन डायऑक्साइड. चार दिवसांनी साहित्य वर काढताना शॉ आणि तो तरुण, दोघांचीही शवं दोरीसोबत वर आली.

हीलियमचे दोष

ते आहेतच. हीलियम उष्णता भराभर वाहून नेतो, म्हणून ड्रायसूटमध्ये, म्हणजे अंग कोरडं ठेवणाऱ्या पोशाखात, तो भरत नाहीत, तिथे हवा किंवा आरगॉन. दीडशे मीटरच्या पुढे, विशेषतः वेगाने उतरलं तर, हात थरथरायला लागतात आणि नजर डळमळते. हीलियमची अतिखोल डुबकी हौशींमध्ये रुजवणारे शेक एक्स्ली यांनी १९८९ मध्ये मेक्सिकोतल्या मांते झऱ्यात २६४ मीटर गाठलं आणि १९९४ मध्ये साकातोनच्या कुंडात त्याहून खोल जाताना जीव गमावला.

'हीलियम घेतला तर वर यायला जास्त थांबे लागतात' हा आक्षेप मात्र आता ढिला पडलाय. जुनी गणितं तसं धरून चालायची. अमेरिकन आरमाराच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये हीलियम-ऑक्सिजन आणि त्यात नायट्रोजन मिसळलेलं ट्रायमिक्स यांची माणसांवर तुलना केली, तेव्हा नायट्रोजन मिसळल्याने वर येणं सोपं होतं असं दिसलं नाही.

ऑक्सिजन स्वतः गुंगी आणतो का, हाही एक उपवाद आहे. बऱ्याच संस्था सावधगिरी म्हणून आणतो असं धरतात. तसं धरलं तर वरच्या १८/४५ ची नशा २३ ऐवजी साधारण २८ मीटरइतकी होते. व्यवहारात फार फरक पडत नाही, म्हणून मी यावर वेळ घालवत नाही.

प्रशिक्षण संस्थांचं एकमत नाही. पाडी हौशींना ४० मीटरवर थांबवते. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब अनुभवींना हवेवर ५० पर्यंत जाऊ देतो, फ्रान्समध्ये ६० पर्यंत मुभा आहे, टीडीआयचा एक कोर्स हवेवर ५५ मीटरपर्यंत नेतो. जीयूई तीस मीटरच्या पुढे हीलियम घ्यायला सांगते. फ्रेंचांची परंपरा मोठी आहे आणि त्यांचे डायव्हर कच्चे नाहीत, तरी घनतेचे आकडे बघितल्यावर साठचा आकडा मला समर्थनीय वाटत नाही. खर्चावर खरा तोडगा रीब्रीदर हाच. सोडलेला श्वास गाळून तो पुन्हा वापरतो, त्यामुळे हीलियम अगदी थोडा लागतो. यंत्र मात्र महाग, आणि त्याच्या स्वतःच्या चुका जीवघेण्या.

एक गोष्ट सगळ्या बाजूंना मान्य आहे: टाकीत काय आहे ते स्वतः मोजायचं. व्हॉल्व्ह जरासा उघडायचा, बारीक धार ॲनालायझरच्या सेन्सरवर सोडायची, आकडा हलायचा थांबेपर्यंत वाट बघायची. मग चिकटपट्टीवर ठळक मार्करने मिश्रण, जास्तीत जास्त खोली, तारीख आणि सही लिहून ती टाकीच्या मानेवर चिकटवायची. भरणाऱ्याने मोजलंय म्हणून चालत नाही. थांब्यांसाठी नेलेला ५० टक्क्यांचा नायट्रॉक्स (ऑक्सिजन वाढवलेली हवा) २१ मीटरला आशीर्वाद आहे, साठ मीटरला चुकून तोंडात गेला तर त्यात ऑक्सिजन ३.५ बार होतो.

आता पुढच्या पिढीचा प्रश्न हायड्रोजनचा आहे, आणि तोही घनतेतूनच आलाय. हायड्रोजन हीलियमच्या निम्म्या वजनाचा. १४ फेब्रुवारी २०२३ ला न्यूझीलंडच्या पिअर्स गुहेत डॉ. रिचर्ड हॅरिस, थायलंडच्या गुहेतून मुलांना बाहेर काढणारे तेच, रीब्रीदरमध्ये हायड्रोजन मिसळून २३० मीटरपर्यंत जाऊन आले. हायड्रोजन पेटू नये म्हणून मिश्रणात ऑक्सिजन चार टक्क्यांच्या खाली ठेवावा लागतो, आणि इतक्या कमी ऑक्सिजनवर पृष्ठभागाजवळ माणूस शुद्धीवरच राहत नाही. म्हणून वायू खोलवर गेल्यावर बदलायचा आणि वर येताना वेळेवर परत बदलायचा. स्वीडनचे तरुण इंजिनिअर आर्ने सेटरस्ट्रोम यांनी हेच १९४५ मध्ये १६० मीटरवर करून दाखवलं होतं. ऑगस्टमधल्या त्या डुबकीत खालचं सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. वर येताना जहाजावरच्या माणसांनी त्यांना जिथे वायू बदलायचा होता त्या खोलीवर न थांबवता वर ओढलं, आणि ते ऑक्सिजनअभावी गेले.